मोठी झालेली पोरं आणि पहिली क्रूझ: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

आम्ही चौघं, म्हणजे मी, आमचे हे, तेवीस वर्षांचा मुलगा आणि वीस वर्षांची मुलगी, आतापर्यंत दोनदा क्रूझला जाऊन आलो. पहिली मुंबईहून तीन रात्रींची, दुसरी सिंगापूरहून चार रात्रींची. तेव्हापासून जुळे सोलापुरात मी जणू बंदर अधिकारी झाले आहे. भिशीत, लग्नाच्या पंगतीत, भाजी घेताना कुणीतरी गाठतंच. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली.

पोरं मोठी झाली की आईबापांबरोबर फिरायला कंटाळतात. क्रूझला तरी येतील का?

येतील, पण विचारलं तर. दहावीपर्यंत आपण तिकीट काढायचं आणि त्यांनी बॅग भरायची, अशी पद्धत होती. नोकरीला लागलेल्या किंवा पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या पोराला 'बुकिंग केलंय, ये' असं सांगितलं तर तो येईल, पण पाहुण्यासारखा येईल. आमच्याकडे पहिल्या वेळी असंच झालं. दुसऱ्या वेळी जहाज मुलीनं निवडलं, बंदरावर उतरून काय करायचं ते मुलानं ठरवलं, आम्ही फक्त पैसे आणि पासपोर्ट बघितले.

क्रूझचा एक फायदा मात्र बसच्या टूरमध्ये नाही. सगळे एकाच ठिकाणी असतात आणि तरी दिवसभर एकमेकांच्या नजरेसमोर नसतात. आम्ही एकच नियम ठेवला: रात्रीचं जेवण चौघांनी एकत्र. बाकी कोण कुठे होतं हे विचारायचं नाही. आमच्या ह्यांना तो नियम पाळायला दोन दिवस जड गेले.

आधी काय ठरवायचं? जहाज, मार्ग की तारीख?

तारीख. चार मोठ्या माणसांच्या चार सुट्ट्या जुळवणं हेच यातलं सगळ्यात अवघड काम आहे. विद्यापीठाची परीक्षा पुढे ढकलली जाते, कंपनीत नेमकं काम निघतं. रद्द करण्याचे पैसे तारीख जवळ येईल तसे वाढत जातात, आणि शेवटच्या दिवसांत बहुतेक काहीच परत मिळत नाही. म्हणून मुलाच्या साहेबाचा होकार आणि मुलीचं परीक्षेचं वेळापत्रक हातात आल्याशिवाय पैसे भरू नका.

हवामान बघाल तर अरबी समुद्रासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात पश्चिम किनारा खवळलेला असतो, त्या महिन्यांत मुंबईहून जाणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीची जहाजसेवा चेन्नईकडे हलवली जाते. आणि जानेवारीत संक्रांतीच्या आसपासची तारीख मुळीच घेऊ नका. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सोडून समुद्रावर जायला आमच्या घरात तरी कुणी तयार झालं नसतं. नंदीध्वज निघालेत आणि आपण गोव्याच्या पाण्यात, हे सासूबाईंना सांगणार कोण?

पहिल्यांदा किती रात्री घ्याव्यात?

तीन किंवा चार. दोन रात्रींत जहाजाच्या वाटा कळेपर्यंत उतरायची वेळ येते. आणि सात रात्रींत, घरात कुणाचं जहाजाशी जमलं नाही तर पळून जायला जागा नसते.

मुंबईहून जावं की सिंगापूरहून?

लोकांना वाटतं, मुंबईची ती स्वस्तातली आणि सिंगापूरची ती खरी. तसं नाही. दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत.

मुंबईहून कॉर्डेलियाचं एम्प्रेस हे जहाज २०२१ पासून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करतं. जहाज १९९० सालचं, आधी रॉयल कॅरिबियन या परदेशी कंपनीकडे होतं. साधारण ४८,५०० ग्रॉस टनांचं. टायटॅनिक ४६,३२८ टनांचं होतं, म्हणजे आकारानं जवळपास तेवढंच. ही तुलना मी एकदा नणंदेला सांगितली आणि तिनं बेतच रद्द केला, तर तुम्ही घरात सांगू नका. (ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या आतली जागा मोजायचं माप.) देशातल्या देशात फेरी असेल तर पासपोर्ट-व्हिसाची भानगड नाही, बिल रुपयात, आणि आजूबाजूला निम्मे लोक मराठी-गुजराती. गाणी, कार्यक्रम आपल्या सवयीचे. आमच्या ह्यांना हेच जास्त आवडलं.

सिंगापूरहून रॉयल कॅरिबियनची क्वांटम जातीची जहाजं सुटतात. ती १,६८,००० टनांच्या पुढची, म्हणजे एम्प्रेसच्या तिपटीहून मोठी. काचेच्या नळकांड्यात हवेच्या झोतावर तरंगायचं, कृत्रिम लाटेवर फळी घेऊन उभं राहायचं, बंपर कार चालवायच्या, असले प्रकार तिथे आहेत. वीस वर्षांच्या मुलीला हे दाखवल्यावर मग मुंबईची फेरी तिला होडीसारखी वाटली. तिथूनच जेंटिंग ड्रीम हेही जहाज जातं, त्यावर भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय आहे.

माझं मत विचाराल तर पहिली फेरी मुंबईहूनच करा. पोरांना थोडी कमी मजा येईल, पण आपल्या घराला हा प्रकार मानवतो की नाही ते विमानाच्या चार तिकिटांचे पैसे न घालता कळेल. मात्र पोरं नोकरीला लागून पुढच्या वर्षी कुठे असतील याचा भरवसा नसेल आणि हीच एक संधी असेल, तर सरळ सिंगापूर गाठा.

युरोपची क्रूझ पहिल्यांदाच घेतली तर?

घेता येते, पण फुरसत आणि पैसा दोन्ही लागतं. आणि नावांवर जाऊ नका. कार्यक्रमात 'रोम' लिहिलेलं असतं, जहाज लागतं सिविटावेकियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. म्हणजे सोलापूर दाखवतो म्हणून पंढरपूरला उतरवल्यासारखं. आशियातही तेच: 'क्वालालंपूर' म्हणजे पोर्ट क्लांग, पुढे सोलापूर-अक्कलकोट इतका रस्ता. 'बँकॉक' म्हणजे लेम चाबांग, ते तर शंभर किलोमीटरच्याही पलीकडे. जाऊन-येऊन दिवसाचे किती तास गाडीत जातील ते मोजूनच मार्ग निवडा.

चौघांना एक खोली पुरते का?

हा प्रश्न खरा महत्त्वाचा, आणि यातच आम्ही फसलो.

पहिल्या वेळी एजंट म्हणाला, "मॅडम, चौघांना एकच खोली घ्या, तिसरा-चौथा माणूस स्वस्तात पडतो." हिशेब खोटा नव्हता. त्यानं सांगितलं नाही ते असं, की तिसऱ्या-चौथ्याचे बिछाने भिंतीतून नाहीतर छतातून खाली ओढायचे आणि शिडीनं वर चढायचं. मुलगा पाच फूट अकरा इंच. त्याचे पाय तीन रात्री बिछान्याबाहेर होते. बाथरूम एवढं की साबण पडला तर उचलायला दार उघडावं लागे. सकाळी चौघांची रांग, त्यात मुलीचे केस. दुसऱ्या रात्री ती अडीच वाजता परत आली, दिवा लागला, हे उठून बसले आणि "ही काय वेळ आहे?" सुरू झालं. शेजारच्या खोलीतल्यांनी भिंतीवर ठोकलं.

मोठी पोरं असतील तर दोन खोल्या घ्या. पैसे कमी पडत असतील तर बाल्कनी सोडा, पण दुसरी खोली सोडू नका. आम्ही दुसऱ्या वेळी बाल्कनीची एक घेण्याऐवजी बिनखिडकीच्या दोन घेतल्या, खर्चात फार फरक पडला नाही. बिनखिडकीच्या खोलीत दिवसाही काळाकुट्ट अंधार असतो, म्हणून गजर लावून झोपा. पुष्कळ जहाजांवर टीव्हीच्या एका वाहिनीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र चालू असतं. आवाज बंद करून ती लावून ठेवली की पहाट झालेली कळते.

आतून दार असलेल्या जोडखोल्या मोजक्याच असतात, लवकर बुकिंग केलं तरच मिळतात. आणि 'गॅरंटी' नावाचं स्वस्त भाडं असतं, त्यात खोली कंपनी ठरवते. त्यात तुमची एक खोली तिसऱ्या मजल्यावर आणि पोरांची नवव्या मजल्यावर येऊ शकते. दोन खोल्या घेणाऱ्यांनी त्या भानगडीत पडू नये.

वाटणी कशी करायची? आमच्याकडे आम्ही दोघं एकीकडे आणि भाऊ-बहीण दुसरीकडे. काही घरांत आई-मुलगी आणि बाप-लेक अशी करतात, तीही चांगली. फक्त वयाचा नियम आधी विचारा. काही कंपन्या प्रत्येक खोलीत ठरावीक वयाचा, बऱ्याचदा २१ वर्षांवरचा, एक तरी माणूस मागतात. आईवडील शेजारच्या खोलीत असतील तर सूट देणाऱ्याही आहेत. मुलगी एकोणीस आणि मुलगा वीस असेल तर हे बुकिंगच्या आधी लेखी घ्या.

विशी-बाविशीच्या पोरांना जहाजावर करण्यासारखं काय असतं?

गंमत अशी, की जहाजावर सगळ्यात जास्त दुर्लक्षित वय हेच. बाळांना खेळघर, शाळकरी मुलांना क्लब, आणि ते क्लब बहुतेक जहाजांवर सतराव्या वर्षी संपतात. अठरा झालं की थेट मोठ्यांत जमा. पहिल्या दिवशी ही पोरं कोपऱ्यात फोन धरून बसतात. पहिल्या संध्याकाळी प्रश्नमंजूषा, कराओके, नाच शिकवणं असे छोटे कार्यक्रम असतात, तिथं एकदा ढकला. आमच्या मुलीला तिथंच नागपूरच्या दोघी भेटल्या आणि पुढचे तीन दिवस ती आम्हाला जेवणापुरतीच दिसली.

जहाज निवडताना पोरांकडून एक काम करून घ्या: रात्री दहानंतर काय चालू असतं त्याची यादी काढायला सांगा. आपण झोपतो, त्यांचा दिवस तेव्हा सुरू होतो.

दारू आणि पोरांच्या खर्चाचं काय?

हा प्रश्न आया हळू आवाजात विचारतात आणि बाप विचारतच नाहीत. महाराष्ट्रात कडक दारूला वय २५, सौम्य बिअर आणि वाईनला २१. गोव्यात १८. सिंगापूरच्या कायद्यात १८. जहाजावर त्या कंपनीचा आणि सुटण्याच्या बंदराचा नियम लागतो, तो बुकिंगच्या अटींमध्ये लिहिलेला असतो. मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर आपल्याकडचाच नियम धरून चाला. लक्षद्वीपमध्ये, बंगारम बेट सोडलं तर, दारूबंदी आहे. बाटली घेऊन बेटावर उतरायचा विचारही नको.

खोलीचं कार्ड हेच जहाजावरचं पाकीट असतं. दाखवलं की बिल तुमच्या नावावर. पोरांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालता येते का ते काउंटरवर विचारा, आणि जे ठरेल ते पोरांसमोर ठरवा. गुपचूप मर्यादा घालून मुलाला कॉफीच्या काउंटरवर चार लोकांत तोंडघशी पाडू नका. आमच्या ह्यांनी ते करून बघितलंय.

जाहिरातीतला आकडा आणि प्रत्यक्ष खर्च यांत फरक किती?

बराच. जाहिरातीतला आकडा एका माणसाचा असतो, तोही एका खोलीत दोघं धरून. खोलीत एकटाच माणूस असेल तर जवळपास दोघांचं भाडं पडू शकतं, म्हणून तिघांच्या कुटुंबानं हिशेब नीट करावा. वर कर आणि बंदराचे आकार. परदेशी जहाजांवर सेवेचा आकार माणशी दररोज साधारण १५ ते २० डॉलर. चार माणसं, चार रात्री म्हणजे अडीचशे-तीनशे डॉलर तिथंच गेले. इंटरनेट वेगळं, काही उपाहारगृहं वेगळी, सहली वेगळ्या, थंड पेयंसुद्धा बऱ्याच ठिकाणी वेगळी. परदेशी पॅकेज इथल्या एजंटाकडून घेतलं तर टीसीएस (पैसे भरतानाच घेतला जाणारा कर) कापला जातो. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता होतो, पण आत्ता खिशातून जातोच.

कमावतं पोरगं असेल तर त्याच्याकडून काहीतरी घ्या. सगळे पैसे नकोत, एका सहलीचे किंवा एका जेवणाचे. आमच्या मुलानं सिंगापूरच्या वेळी इंटरनेटचे पैसे भरले, आणि मग आईनं किती वेळ व्हिडिओ कॉल केला यावर त्यानंच लक्ष ठेवलं.

शाकाहारी जेवण मिळतं का? शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेता येते का?

मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर शाकाहारी माणसाची अजिबात आबाळ होत नाही, जैन जेवणही मिळतं. सिंगापूरच्या जहाजांवर भारतीय पदार्थांचा कोपरा असतो. चव आपली नसते, पण पोट भरतं. बुकिंग करतानाच जेवणाचा प्रकार कळवा.

बाहेरचे खाद्यपदार्थ बहुतेक जहाजांवर चालत नाहीत, घरी शिजवलेले तर नाहीच. माझी लोणच्याची बरणी तपासणीत काढून घेतली, तिथल्या मुलीनं ती उघडून वास घेतला आणि हसली, पण दिली नाही. दुकानातली सीलबंद पाकिटं काही कंपन्या चालवून घेतात, तेवढं विचारून ठेवा. माझा अनुभव असा, की तिसऱ्या दिवशी पास्त्यावर शेंगाचटणी भुरभुरायला सगळ्यात पहिला हात 'आई, काय ते सोबत घेतेस' म्हणणाऱ्या पोराचाच येतो.

जहाज लागतं का? उलट्या होतात का?

मोठ्या जहाजांना बाजूला पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे डुलणं बरंच कमी होतं. बार्शीच्या बसमध्ये ज्याला मळमळतं त्यानं मात्र खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. टोकाला आणि वर हेलकावा जास्त. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी. रिकाम्या पोटी राहू नका. आलेपाक खिशात असू द्या. क्षितिजाकडे बघत उघड्यावर उभं राहिलं की बरं वाटतं. फोनमध्ये बघत बसलं की हमखास त्रास होतो, त्यामुळे पोरांनाच आधी लागतं.

कागदपत्रं?

देशातल्या फेरीला सरकारी फोटो ओळखपत्र. लक्षद्वीपला जायचं तर प्रवेश परवाना लागतो, तो कंपनी काढणार की आपण, ते विचारा. परदेशी फेरीला पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने चालणारा हवा. सोलापुरात पोस्टातल्या केंद्रात काम होतं, कार्यालय पुण्याचं. पोरांचे पासपोर्ट लहानपणी काढलेले असतात आणि संपलेले असतात, ते आजच कपाटातून काढून बघा. पंधरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो.

व्हिसाचा एक सापळा आहे. जहाज सिंगापूरहून निघून मलेशियाला जाऊन परत येतं, म्हणजे तुम्ही सिंगापुरात दोनदा शिरता. व्हिसा एकाहून जास्त प्रवेशाचा हवा. युरोपातही ग्रीसहून तुर्कस्तानला जाऊन परत आलात तर तेच, शिवाय तुर्कस्तानचे नियम वेगळे. प्रवास विमा काढताना त्यात क्रूझ धरली आहे का ते वाचा. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल डॉलरमध्ये येतं.

सोलापूरहून बंदरावर कसं पोचायचं?

रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस. सकाळी सीएसएमटीला उतरा, तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझचा धक्का, दोनेक किलोमीटरच्या आत, टॅक्सीनं दहा मिनिटं. सामान ठेवा, फोर्टात कुठंतरी नाश्ता करा आणि निवांत जा. वंदे भारत सकाळी सुटून दुपारी साडेबाराच्या सुमारास पोचते, पण चढायची वेळ दुपारचीच असते. गाडीला दोन तास उशीर झाला तर जहाज थांबत नाही. शिवाय ती आठवड्यातून एक दिवस नसते. सिंगापूरला जाणाऱ्यांनी जहाजाच्या आदल्या दिवशीच तिथं पोचावं.

बंदरावर स्वतः फिरावं की जहाजाची सहल घ्यावी?

जवळपास फिरायचं तर स्वतः. लांब जायचं तर जहाजाची सहल, कारण तिला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुम्हाला उशीर झाला तर थांबत नाही. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो आणि घोळ होतो. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि छोट्या होडीनं नेतात. समुद्र खवळला तर उतरणं रद्द होऊ शकतं. ते मनात धरूनच जा.

फोन चालतो का?

किनारा दिसतो तोवर. पुढे जहाजाचं नेटवर्क पकडलं तर रोमिंगचं बिल डोळे पांढरे करतं. चढल्याबरोबर सगळ्यांचे फोन विमान मोडवर टाका, आणि इंटरनेट एका उपकरणाचं घेऊन आळीपाळीनं वापरता येतं का ते बघा.

कपडे किती न्यावेत? टॉवेल?

एक जोड जरा बऱ्यापैकी, रात्रीच्या जेवणासाठी. बाकी साधे. इस्त्री आणि पाणी तापवायची किटली नेऊ नका, काढून घेतात.

टॉवेल तिथं मिळतात. हे सांगूनही आमचे हे चार टॉवेल घेऊन आले, 'आपल्या गावचे आहेत' म्हणून. खोली आवरणारा माणूस रोज टॉवेलचा हत्ती, माकड असं काहीतरी घडी घालून बिछान्यावर ठेवतो. एके दिवशी त्यानं आमच्याच सोलापुरी टॉवेलचा हंस केला. पोहण्याच्या तलावाजवळचे टॉवेल मात्र परत करा, नाहीतर बिलात लागतात.

पाण्याचं काय? आंघोळीला पुरतं का?

काही दिवसांआड नळ बघणाऱ्या गावातून हा प्रश्न येणारच. जहाजावर समुद्राचं पाणी गोडं करायची यंत्रं असतात, नळाला चोवीस तास पाणी. पहिल्या दिवशी मी सवयीनं बादली शोधत होते.

सुरक्षित असतं का?

निघायच्या आधी किंवा निघताच प्रत्येकाला सुरक्षेची कवायत करावीच लागते. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाल्यानंतर हा नियम कडक झाला. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. दोन खोल्या असतील तर दोन्ही खोल्यांची जमायची जागा वेगळी असू शकते, ती आधीच बघून ठेवा. पोरं कवायतीला टाळाटाळ करतात. तिथं मात्र आईचा आवाज वापरा.

परत आल्यावर जमीन हलल्यासारखी वाटते म्हणतात, खरं का?

खरं आहे, एक-दोन दिवस वाटतं, मग जातं. आम्ही दुपारची वंदे भारत पकडून रात्री सोलापूर स्टेशनवर उतरलो तर मला फलाट हलतोय असं वाटत होतं. मुलगी म्हणाली, "आई, गाडी आत्ता गेली, फलाट खरंच हलतोय." मग चौघं बाकावर बसलो, रिक्षा शोधायची घाई कुणालाच नव्हती.